दिवाळी अंक आणि रहस्यकथाकाराचे वर्ष

दिवाळी जवळ आली म्हणजे इंद्रपुरीतील मराठी घरांत दोन प्रकारची तयारी सुरू होते. एक स्वयंपाकघरात चालते; तिचा वास गल्लीच्या टोकापर्यंत पोहोचत असल्यामुळे तिची निराळी वार्ता देण्याचे कारण नाही. दुसरी तयारी दिवाळी अंकांची. पुण्यामुंबईकडे नातलग असतील त्यांस निरोप जातात, कोणी वर्गणी धाडतो, कोठे चार घरे मिळून एकेक अंक घ्यावयाचे ठरवितात. अंक हाती आला की वडील मंडळी राशिभविष्याचे पान उघडतात, आणि मुले अनुक्रमणिकेवरून बोट फिरवीत 'रहस्यकथा' हा एकच शब्द शोधीत असतात.

ती कथा ज्याने लिहिली त्याने ती केव्हा लिहिली असेल, हा विचार मात्र कोणाच्या मनात सहसा येत नाही. कथेत दिवाळीची पहाट असते, अंगणात पणत्या असतात, थंडीची पहिली शिरशिरी असते. पण लेखकाने ती लिहिली तेव्हा बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत असावे किंवा आषाढसरी कोसळत असाव्यात. शेतकऱ्याप्रमाणे ह्या लेखकाचेही वर्ष हंगामाने बांधलेले असते. पेरणी एका ऋतूत, कापणी दुसऱ्यात, आणि सण हुकला तर पीक वाया! रहस्यकथाकाराच्या ह्या वर्षाचा थोडा अभ्यास येथे करावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम दिवाळी अंकाची कुळकथा पाहू. मराठीतील पहिला दिवाळी अंक म्हणून 'मनोरंजन' मासिकाच्या १९०९ सालच्या अंकाचा मान सर्वमान्य आहे. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र. 'मित्र' हे आडनाव वाचून ते बंगाली असावेत असे कोणासही वाटेल. परंतु त्यांचे मूळ आडनाव आजगावकर. बंगाली भाषा व साहित्य ह्यांची ओढ त्यांस इतकी की आडनावसुद्धा त्यांनी तिकडचे घेतले! इंग्रजी मासिके नाताळात जाडजूड विशेषांक काढीत, तसा अंक आपल्याकडे दिवाळीस का निघू नये, अशी ती कल्पना होती. ती मराठी घरांत अशी रुजली की आज शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावरही दिवाळीच्या फराळाबरोबर अंक हवाच असतो.

त्या इंग्रजी नाताळ अंकांशी रहस्यकथेचे नाते तर जन्मापासूनचे आहे. शेरलॉक होम्स हा जगप्रसिद्ध गुप्तहेर वाचकांसमोर प्रथम आला तो १८८७ सालच्या 'बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल' नावाच्या एका नाताळ अंकातच. त्या संपूर्ण कादंबरीच्या हक्कांबद्दल आर्थर कॉनन डॉईल ह्यांच्या हाती अवघे २५ पौंड पडले. पुढे ह्या होम्सला भालबा केळकर ह्यांनी मराठी वेष दिला आणि तो आपल्या घरातलाच झाला. होम्सच्या कथांत एक खास नाताळची गोष्ट आहे. तीत खून नाही. एका हंसाच्या पोटातून हरवलेले निळे रत्न निघते, आणि ते तेथे कसे गेले एवढाच प्रश्न असतो. शेवटी होम्स चोरास सोडून देतो, कारण दिवस क्षमेचे आहेत. ज्यास आपण निवांत किंवा घरगुती रहस्यकथा म्हणू, तिचा हा सुरेख मासला होय. अशा कथेत रक्ताचे वर्णन नसते. माणसे मोजकी, एकमेकांच्या ओळखीची. आणि शेवटी विस्कटलेली घडी पुन्हा नीट बसते. सणाच्या दिवशी सर्व घराने ऐकावी अशीच ही गोष्ट.

आता लेखकाचे मराठी वर्ष. दिवाळी आश्विन-कार्तिकात येते. त्यापूर्वी काही आठवडे अंक छापून, बांधून, गावोगाव रवाना झाला पाहिजे. म्हणजे भाद्रपदात मजकूर छापखान्यात हवा. पूर्वी शिशाचे खिळे एकेक करून जुळवावे लागत, तेव्हा तर श्रावणातच हवा असे. चित्रकारास कथा आधी वाचावयास द्यावी लागते, कारण त्यास झाकलेल्या चेहऱ्याचा माणूस काढावयाचा असतो आणि तो चेहरा कोणाचा हे चित्रावरून कळता कामा नये! ह्या हिशेबाने संपादकाचे पत्र उन्हाळ्यातच लेखकाच्या दारी येऊन पडते. नामांकित लेखकास अशी पत्रे एकाच वेळी पाच-दहा ठिकाणांहून येतात. 'धनंजय', 'चंद्रकांत' ह्यांसारख्या दिवाळी अंकांनी तर रहस्यकथेसच आपले मुख्य पक्वान्न मानले. अनंत अंतरकरांच्या 'नवल'नेही अद्भुत आणि गूढ कथांची चव वाचकांस लावली. अशा लेखकाचे आषाढ-श्रावण कसे जात असतील याची कल्पना करावी. बाहेर पाऊस, आत पाच संपादकांची पत्रे, आणि डोक्यात पाच निरनिराळे गुन्हेगार.

ह्या बाबतीत साऱ्या जगात जिचे उदाहरण प्रथम द्यावे अशी लेखिका म्हणजे अगाथा ख्रिस्ती. १८९० साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की गावी तिचा जन्म झाला व १९७६ च्या जानेवारीत ती निवर्तली. पहिल्या महायुद्धात ती रुग्णालयाच्या औषधालयात काम करीत होती. तेथे बाटल्यांवरील चिठ्ठ्या वाचता वाचता विषांचे जे ज्ञान झाले ते तिने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कादंबरीत इतके बिनचूक वापरले की औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने तिची वाखाणणी केली. तिच्या प्रकाशकांनी पुढे नाताळाशी तिचे नाव असे जोडून टाकले की 'नाताळला ख्रिस्ती' हे घोषवाक्यच होऊन बसले. झाड सजवावे, मिठाई आणावी, आणि ख्रिस्तीचे नवे पुस्तक आणावे, असा इंग्रज कुटुंबांचा परिपाठ झाला. तिच्या अनेक कादंबऱ्या मधुकर तोरडमल ह्यांनी मराठीत आणल्या, हे आमच्या वाचकांपैकी कित्येकांस ठाऊक असेल.

तिच्या वर्षाची विभागणी मोठी मनोरंजक होती. १९३० साली तिने मॅक्स मॅलोवन ह्या पुरातत्त्वज्ञाशी विवाह केला. उत्खननाचा हंगाम हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून वसंतापर्यंत. तेव्हा पतीबरोबर ती इराक व सीरियाच्या माळरानांवर जाई. १९४९ पासून निमरूद ह्या प्राचीन असीरियन नगरीच्या उत्खननात तिने भाग घेतला. सापडलेल्या वस्तूंची छायाचित्रे काढणे हे तिचे काम. तेथे मिळालेले अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे हस्तिदंती कोरीवकाम स्वच्छ करण्यास तिने तोंडास लावावयाचे क्रीम वापरले, आणि ते उत्तम उपयोगी पडले! उत्खननाच्या घरास जोडून तिच्यासाठी एक लहान खोली बांधली होती. दारावर कीलाक्षरांत 'अगाथाचे घर' अशा अर्थाची पाटी होती. त्या खोलीत ती लिहीत असे. मातीचे थर हळुवारपणे उलगडून खाली काय दडले आहे ते शोधणारे लोक भोवती, आणि मध्ये कागदावर तेच काम करणारी ही बाई. तिला ह्याहून योग्य शेजार मिळाला नसता असे आम्हांस वाटते.

उन्हाळ्यात ती डार्ट नदीच्या काठी असलेल्या ग्रीनवे ह्या आपल्या घरी येई. हे घर तिने १९३८ साली घेतले. सारे कुटुंब तेथे जमे, आणि रात्रीच्या जेवणानंतर ती नव्या कादंबरीची प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवी. गुन्हेगार कोण ह्याविषयी जो तो आपला तर्क सांगे. सणास जे पुस्तक हजारो घरांत जावयाचे, त्याची परीक्षा आधी स्वतःच्या घरात अशी होई. कथानकाची जुळवाजुळव मात्र टेबलाशी बसून होत नसे. भांडी घासताना उत्तम विचार सुचतात असे ती म्हणे. हे वाक्य आमच्या विद्यार्थिनींनी घरी सांगू नये. भांड्यांची जबाबदारी अंगावर येण्याचा संभव आहे.

आता विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असा भाग. अशी कथा रचतात कशी? गोष्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानाकडे वाचावयाची असते, पण ती रचावयाची असते उलट्या दिशेने. उत्तर आधी ठरवावयाचे, मग प्रश्न. नंतर त्या उत्तराच्या खुणा वाचकाच्या डोळ्यांसमोरच, पण त्याचे लक्ष जाणार नाही अशा रीतीने पेरावयाच्या. ह्यात एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो: शेवटी गुप्तहेरास जे ठाऊक असते ते सर्व वाचकासही आधी सांगितलेले असले पाहिजे. शेवटच्या पानावर एकाएकी कोणी जुळा भाऊ उपटला, तर वाचकाची फसवणूक झाली. पांढऱ्या केसांची, विणकाम करीत बसणारी मिस मार्पल ही ख्रिस्तीची वृद्धा आपल्या खेड्यातील माणसांच्या लहानसहान सवयींवरून मोठे गुन्हे उलगडते. तिच्याजवळ वाचकापेक्षा अधिक माहिती नसते, लक्ष अधिक असते.

हे स्पष्ट व्हावे म्हणून आम्ही येथे एक लहानशी कथा रचून दाखवितो. पात्रे सर्वस्वी काल्पनिक आहेत.

इंद्रपुरीतील चार घरांनी मिळून एक दिवाळी अंक घेतला. अंक पहिल्या घरी आठवडाभर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या घरी, असे करीत चौथ्या घरी आला. तेथील मुलीने त्यातील दीर्घ रहस्यकथा वाचावयास घेतली आणि ऐन रंगात आली असता पाहते तो शेवटचे पान नाही! अनुक्रमणिकेप्रमाणे कथा पान १४३ वर संपते, पुढे पान १४४ वर चिरोट्यांची कृती, व पान १४५ पासून राशिभविष्य. नीट पाहता पान ओरबाडून फाडलेले नव्हते, कात्रीने सरळ कापलेले होते. पहिल्या घरचे आजोबा रहस्यकथेचा शेवट आधी वाचतात आणि तो सर्वांना सांगत सुटतात, म्हणून त्यांच्यावर संशय गेला. परंतु त्यांनी शेवट सांगितलाही नव्हता, कारण ह्या वर्षी त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते व त्यांना वाचनाची बंदी होती. दुसऱ्या घरी तुळशीच्या लग्नाला सर्वांना बोलावणे होते. फराळ उत्तम होता, आणि त्या घरी एरवी कधी न होणारे चिरोटे असे काही खुसखुशीत झाले होते की काकूंची सर्वांनी स्तुती केली. तिसऱ्या घरच्या मुलाने मात्र 'कथा वाचलीस का?' असे विचारताच मान खाली घातली आणि तो काही बोलेना. अंक त्याच्याकडे आठ दिवस होता. पान त्या वेळी असते तर पुढे नाहीसे होण्यास तोच कारण. आणि नसते, तर त्याने तक्रार करावयास हवी होती. संशय पक्का झाला!

आता जाणत्या वाचकाने येथे पुस्तक मिटून विचार करावा. कागदास दोन बाजू असतात. १४३ व १४४ ही पाने एकाच कागदाच्या पाठपोट बाजू होत. शेवट कोणास हवा होता, असे सर्वजण विचारीत बसले; पाठीमागे काय होते हे कोणी पाहिलेच नाही. काकूंनी कृती कापून स्वयंपाकघरात डब्याच्या मागे खोचून ठेवली, आणि पलीकडच्या बाजूस कोणाचा तरी खून उलगडत होता ह्याची त्यांना वार्ताही नव्हती. चिरोट्यांची खूण आम्ही फराळाच्या वर्णनात लपविली. वाचकाने ती खाण्याची गोष्ट म्हणून सोडून दिली असेल. कात्रीचा कापही सांगितला होता.

पण मग तिसऱ्या घरचा मुलगा गप्प का बसला? ह्या कथेतील खरे रहस्य तेच आहे. त्याने कथा शेवटपर्यंत वाचलीच नव्हती. चित्रे पाहिली, दोन पाने चाळली आणि अंक ठेवून दिला. मराठी अखंड वाचावयाची सवय त्यास नव्हती आणि ते सांगण्याची त्यास लाज वाटली. पान आपल्या घरी येण्यापूर्वीच गेले होते, हे त्यास ठाऊकच नव्हते.

हा मुलगा काल्पनिक असला तरी त्याची अडचण काल्पनिक नाही. १९५६ साली मध्यप्रदेश राज्य नव्याने रचले गेले, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूरच्या सचिवालयातून अनेक मराठी कुटुंबे येथे आली. ग्वाल्हेर-इंदूरकडील होतीच. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्सची, म्हणजे आजच्या भेलची, स्थापना झाली व कारखान्यामुळे आणखी कुटुंबे आली; पिपलानी, बरखेडा आणि शेजारची आपली इंद्रपुरी येथे ती स्थिरावली. घरात मराठी बोलली गेली, पण रस्ता, बाजार आणि खेळाचे मैदान हिंदी. आपल्या मुलांचे एक भाग्य असे की देवनागरी लिपी त्यांस परकी नाही. हिंदी वाचता येते त्यास मराठी अक्षरे लागतातच. अडते ते पुढे. तिसऱ्या पानावर कंटाळा येतो. शब्द अडला तर पुढे जाण्यास काही कारण हवे असते. असे कारण व्याकरणाचे पुस्तक देऊ शकत नाही. 'पेटी कोणी उघडली?' हा प्रश्न देतो. शब्द अडला तरी मूल त्यावरून उडी मारून पुढे धावते, आणि तोच शब्द पाचव्यांदा आला म्हणजे त्याचा अर्थ न विचारता कळतो. भाषा अशीच अंगी मुरते.

म्हणून रहस्यकथेस नाके मुरडणाऱ्यांशी आमचे पटत नाही. एके काळी मराठी घरांत असा वाद फार होई, आणि त्याच्या केंद्रस्थानी बहुधा एकच नाव असे, बाबूराव अर्नाळकर! १९०६ साली जन्मलेले व १९९६ साली दिवंगत झालेले हे लेखक. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करावे. कोणी पन्नास वर्षे अखंड लिहिले असे धरले, तरी हजारासाठी वर्षास वीस पुस्तके पडतात. म्हणजे अडीच-तीन आठवड्यांस एक. अगाथा ख्रिस्तीच्या गुप्तहेरी कादंबऱ्या ६६, त्याही छप्पन वर्षांत. तिचे वर्ष नाताळाच्या एका खुंटीस टांगलेले. अर्नाळकरांस मात्र प्रत्येक महिनाच दिवाळी. त्यांचे झुंझार आणि काळापहाड हे नायक घरगुती मुळीच नव्हेत. अंधार, मुखवटे, पिस्तुले आणि पाठलाग ह्यांच्याशिवाय त्यांचे पान हलत नाही. धनंजय व त्याचा साथी छोटू ही गुप्तहेरांची जोडी त्या मानाने शांत. ही पुस्तके वाचनालयांतून हातोहात जात, आणि पाठ्यपुस्तकाच्या आत दडवून वाचली जात. त्यांतील कित्येक घाईने लिहिलेली असणार हे उघड आहे. त्या वेगाने लिहिताना दुसरे काय होणार? परंतु ज्यांनी आयुष्यात दुसरे पुस्तक उघडले नसते अशा माणसांस त्यांनी वाचक केले. हे ऋण समीक्षकांनी फार उशिरा मान्य केले.

हंगामाचा जाच केवढा असतो हे पाहावयाचे तर ख्रिस्तीचीच अखेरची वर्षे पाहावीत. १९७३ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, तिने लिहिलेली शेवटची कादंबरी प्रसिद्ध झाली. ती विस्कळीत आहे. धागे सुटतात, पात्रे तेच तेच बोलतात. नाताळ आला, पुस्तक हवे, म्हणून ते निघाले, असे वाचताना वाटत राहते. तिला थांबू द्यावयास हवे होते असे आमचे मत आहे. पण ह्याच लेखिकेने तीस वर्षांपूर्वी एक दूरदृष्टीची गोष्ट करून ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असता, आपण जगू की नाही ह्याचा भरवसा नसताना, तिने आपल्या दोन्ही गुप्तहेरांच्या अखेरच्या कादंबऱ्या लिहून तिजोरीत कुलूपबंद केल्या. पुढे नवे लिहिणे होईना तेव्हा त्यांतील एक, एर्क्यूल प्वारोची अखेरची कथा, १९७५ साली बाहेर निघाली. प्वारो तीत मरण पावतो. न्यूयॉर्क टाइम्स ह्या वृत्तपत्राने त्या काल्पनिक माणसाचे मृत्युवृत्त पहिल्या पानावर छापले! ऐन उमेदीत पेरलेले धान्य असे म्हातारपणी उपयोगी पडले. दुसरी कादंबरी, मिस मार्पलची, ती स्वतः गेल्यावर १९७६ साली निघाली.

आपल्या देशात हा हंगामी धर्म बंगाल्यांनी आपल्याइतकाच निष्ठेने पाळला आहे. त्यांचे अंक दुर्गापूजेस निघतात. चित्रपट-दिग्दर्शक सत्यजित राय ह्यांचा फेलूदा प्रथम १९६५ साली 'संदेश' ह्या मुलांच्या मासिकात अवतरला, आणि १९७० पासून 'देश' साप्ताहिकाच्या शारदीय अंकांतून जवळजवळ दरसाल त्याची नवी दीर्घ कथा येऊ लागली. राय ह्यांस चित्रपटांतून उसंत मिळणे कठीण. तरी पूजेची तारीख त्यांनी सांभाळली, इतकेच नव्हे तर कथेची चित्रेही स्वतःच काढली. १९७३ सालची कथा आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यात घडते, १९७६ सालची मुंबईत. पहिलीत प्राचीन शिल्पे चोरून विकणारे लोक आहेत, आणि ती वाचून वेरूळला गेलेल्या मुलास प्रत्येक खांबाआड कोणीतरी उभे असल्याचा भास होईल. अशोक जैन ह्यांनी ह्या कथा मराठीत आणल्या आहेत.

ह्या मालिकेतील सर्वांत गोड पात्र म्हणजे फेलूदाचा मित्र लालमोहनबाबू. तो 'जटायू' ह्या नावाने स्वतः रहस्यकथा लिहितो. त्याची पुस्तके वर्षातून दोनदा निघतात, वैशाखात व पूजेस! घाईघाईत त्याच्या हातून चुका होतात. उंट पाणी कोठे साठवितो ह्याविषयी तो भलतेच लिहून बसतो आणि फेलूदा ते दुरुस्त करतो. सणास बांधलेल्या लेखकाची अशी प्रेमळ थट्टा करणारे राय स्वतः त्याच सणास बांधलेले होते. स्वतःकडे पाहून हसल्याखेरीज असे पात्र लिहिता येत नाही.

आता घराजवळ येऊ. फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे शाळकरी मुलगा. त्यास सुटी लागली की प्रवास आणि प्रवासात रहस्य. मराठीतील बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे ह्याचीही तीच तऱ्हा. पुण्याजवळील फुरसुंगीचा हा काटकुळा मुलगा, पुण्याच्या विद्याभवन शाळेचा विद्यार्थी. सायकल हे त्याचे वाहन, आणि जिभेने काढलेला 'ट्टॉक्' हा त्याचा उद्गार. तो प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो, वादळात सापडतो. मोठ्यांच्या डोळ्यांस न दिसणारे त्यास दिसते. त्याचे जनक भास्कर रामचंद्र भागवत ह्यांनी त्याच्यावर वीस पुस्तके लिहिली. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनीच मराठी मुलांच्या हाती दिल्या आणि 'बालमित्र' हे मुलांचे मासिकही चालविले. आपल्या वाचकांनी विशेष ध्यानी ठेवावे असे एक आहे: १९१० साली त्यांचा जन्म झाला तो पुण्यास नव्हे, मुंबईस नव्हे, तर आपल्या माळव्यात, इंदूर येथे. बाहेरच्या मराठी घरात जन्मलेल्या मुलाने पुढे साऱ्या महाराष्ट्रातील मुलांस वाचावयास लावले.

फास्टर फेणेचा पत्ता फुरसुंगीचा आहे. इंद्रपुरीचा कोणी नायक मराठीत अद्याप नाही. आपल्या वसाहतीत रहस्यास लागणारे साहित्य काय कमी आहे? कारखान्याच्या पाळीप्रमाणे निघणारी माणसे, एकसारखी दिसणारी घरे, मराठी, हिंदी, मल्याळी व बंगाली शेजार एकाच गल्लीत, आणि कोणाच्या घरी पाहुणा आला हे सर्वांस ठाऊक! मिस मार्पलच्या खेड्यात ह्याहून अधिक काही नव्हते. वरील चार घरांची कथा आम्ही तीन परिच्छेदांत आटोपली. कोणा विद्यार्थ्याने ती विस्ताराने लिहावी. तिसऱ्या घरच्या मुलास तिचा गुप्तहेर करावे असे आम्ही सुचवितो. संशय त्याच्यावर आहे, तेव्हा सुटका करून घेण्यासाठी त्यास ती कथा शब्दन् शब्द वाचावीच लागेल, आणि वाचता वाचता पान १४२ च्या पुढे काय असावे हे प्रथम त्याच्याच ध्यानात येईल.

ज्या घरी लिहिणारे नाहीत तेथे ग्रीनवेची रीत चालविता येईल. ह्या दिवाळीस एक रहस्यकथा घ्यावी आणि जेवणानंतर रोज थोडी मोठ्याने वाचावी. वाचनाची पाळी सर्वांची, अडखळणाऱ्याचीही. शेवटचे प्रकरण राहिले म्हणजे थांबावे, आणि प्रत्येकाने आपल्या मते गुन्हेगार कोण त्याचे नाव मराठीत एका चिठ्ठीवर लिहून लाडवांच्या रिकाम्या डब्यात टाकावे. आजी-आजोबा नागपुरास किंवा पुण्यास असतील तर त्यांची चिठ्ठी दूरध्वनीवरून घ्यावी. मात्र ज्यांनी शेवट आधीच वाचला आहे अशा आजोबांस मतदानाचा हक्क देऊ नये. डबा दुसऱ्या दिवशी उघडावा. मधल्या रात्री अंक कोठे ठेवावा हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या मते कुलूप असलेले कपाट बरे, आणि कात्रीही त्याच कपाटात ठेवावी.